सेकंडहँड मदरबोर्डवर थापलेलं ग्रीस कसं काढायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: ओव्हरक्लॉकिंगला, म्हणजे प्रोसेसर ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायला, वापरलेला मदरबोर्ड सेकंडहँड घेतला, उघडून बघितलं तर प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये काठोकाठ पांढरट ग्रीस, रॅमच्या स्लॉटात पण तेच, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि इअरबड घेऊन पुसायला बसलो तर निघायच्या ऐवजी सगळीकडे पसरलं, आणि आता चारपैकी दोनच स्लॉटातली रॅम दिसतेय. बोर्ड गेला का, आणि पाण्याने धुतला तर चालेल का?

बोर्ड बहुतेक गेलेला नाहीये. आणि हो, पाण्याने धुता येतो, मी पण धुतो, फक्त त्याची एक पद्धत आहे आणि तिथपर्यंत यायच्या आधी बरंच काही करायचंय. पण आधी तो इअरबड खाली ठेवा. माझ्याकडे असे ग्रीसवाले बोर्ड दुरुस्तीला येतात त्यात ग्रीसमुळे बिघडलेले फार थोडे, ग्रीस काढताना बिघडवलेलेच जास्त. सॉकेटमधल्या पिना अतिशय बारीक आणि एका बाजूला कललेल्या असतात, त्यावरून कापूस फिरवला की त्याचा एखादा तंतू पिनेच्या टोकात अडकतो, हाताला काही जाणवत नाही, आणि बड उचलला की पिन सरळ उभी तरी राहते नाहीतर शेजारच्या पिनेवर जाऊन टेकते. तुमचे दोन स्लॉट पुसल्यानंतर गेले असतील तर पहिला संशय माझा ह्याच्यावर आहे, ग्रीसवर नाही. त्याच्याकडे शेवटी येतो.

ग्रीस मुळात तिथे का होतं ते सांगतो म्हणजे भीती कमी होईल. ओव्हरक्लॉकिंगवाली मंडळी प्रोसेसरवर तांब्याचा पॉट बसवतात आणि त्यात लिक्विड नायट्रोजन ओततात, ते उणे १९६ अंशांचं असतं, किंवा ड्राय आइस टाकतात, ते उणे ७८. सॉकेटच्या आजूबाजूचा सगळा बोर्ड इतका गार पडतो की हवेतली वाफ त्यावर जमते, तिचा बर्फ होतो, आणि खेळ संपला की तो बर्फ वितळून पाणी. ते पाणी पिनांमध्ये, स्लॉटात, प्रोसेसरच्या खाली शिरू नये म्हणून जिथे जिथे हवा राहील तिथे तिथे ग्रीस ठासून भरायचं. म्हणजे हा आधीच्या मालकाचा गबाळेपणा नाही, उलट काळजी घेतल्याची खूण आहे. आणि हे ग्रीस वीज वाहून नेत नाही. गाड्यांच्या वायरिंगच्या कनेक्टरमध्ये हेच सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस मुद्दाम भरतात, कारण पिन दाबाने टेकते तिथलं ग्रीस बाजूला सरकतं आणि धातूला धातू लागतोच.

मग काढायचं कशाला? खरं सांगायचं तर कधीकधी नाही काढलं तरी चालतं. बोर्ड चालू होतोय, सगळी रॅम दिसतेय, ग्राफिक्स कार्ड पूर्ण सोळा लेनवर, म्हणजे स्लॉटातल्या डेटाच्या सगळ्या वाटांवर, चालतंय, आणि ग्रीस फक्त सॉकेटच्या आत आहे, तर मी तरी त्याला हात लावणार नाही, वर प्रोसेसर बसवून मोकळा होईन. काढायची वेळ येते ती चार कारणांनी. एक म्हणजे सिलिकॉनच्या ग्रीसऐवजी व्हॅसलीन वापरलेलं असेल तर ते रोजच्या वापराच्या उष्णतेत पातळ होतं, कॅबिनेटमध्ये बोर्ड उभा असतो, ते ओघळत खाली ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटात जातं. दुसरं, त्याच्यावर धूळ बसून काळा चिखल होतो. तिसरं, व्हीआरएमच्या, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या सर्किटच्या, भागांवर जाड थर असेल तर त्यांची उष्णता आतल्या आत कोंडते. आणि चौथं, जे सगळ्यात महत्त्वाचं आणि लोक ज्याचा विचारच करत नाहीत, ते म्हणजे ग्रीसच्या खाली पाणी अडकलेलं असू शकतं. ग्रीस लावताना कुठे फट राहिली असेल तर ओल आत गेली आणि आता तेच ग्रीस तिला बाहेर येऊ देत नाही, आणि बोर्डवर सेलचे ३ व्होल्ट कायम असतात, त्यामुळे मशीन बंद असलं तरी आत गंजणं चालूच. मला ग्रीसची फिकीर नसते, ग्रीसच्या खाली काय आहे त्याची असते.

आता कुठलं ग्रीस आहे ते ओळखा. ह्याच्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही, कारण एकाला जे विरघळवतं त्याने दुसरं हलत पण नाही. बोर्डच्या कोपऱ्यावरून, सॉकेटमधून नव्हे, प्लॅस्टिकच्या काडीने वाटाण्याएवढा गोळा काढा, चमच्यावर ठेवा आणि हेअर ड्रायरची हवा द्या. व्हॅसलीन असेल तर साधारण ४० ते ६० अंशांच्या दरम्यान ते वितळून पाण्यासारखं पारदर्शक होतं आणि चमचा तिरका केला की वाहतं. सिलिकॉन ग्रीस असेल तर कितीही हवा मारा, ते आहे तसंच राहतं, फार तर थोडं सैल पडेल, त्याला वितळणं माहीतच नाही. बोटांत घासून बघा, सिलिकॉनवाल्याचा निसरडेपणा साबणाने हात धुतले तरी जात नाही, ही पण एक ओळख. वाटाण्याच्या गोळ्याऐवजी जर काडीला पापुद्रा लागला, रबरासारखा ओढला गेला, तर ते ग्रीसच नाही, रबरी कोटिंग आहे, ते ओलं न करता चिमट्याने हळू सोलायचं असतं. आणि काही बोर्डांवर ग्रीसच्या खाली नेलपॉलिशसारखा चकचकीत पातळ थर दिसेल, ती कॉन्फॉर्मल कोटिंग, तिला मुद्दाम काढायच्या भानगडीत पडू नका, ती राहिली तर तुमचं काहीच बिघडत नाही.

एक जाता जाता. व्हीआरएमच्या हीटसिंकखाली, कॉइलच्या आसपास तेलकट ओलसरपणा दिसला की लोक घाबरून कपॅसिटर फुटला म्हणतात. जुन्या थर्मल पॅडमधून सिलिकॉनचं तेल झिरपत असतं, ते आहे ते, बोर्ड कधी नायट्रोजनच्या जवळ गेलेला नसला तरी दिसतं. पुसलं की झालं. राखाडी आणि आरशासारखं चमकणारं काही थेंबाथेंबाने दिसलं तर मात्र जिथल्या तिथे थांबा, ते लिक्विड मेटल, म्हणजे थर्मल पेस्टऐवजी लावतात तो पातळ धातू, असू शकतं, ते वीज वाहून नेतं आणि त्याची सफाई हा वेगळाच विषय आहे.

आता तुमच्या अल्कोहोलने का निघालं नाही. इलेक्ट्रॉनिक्स म्हटलं की सगळे आयसोप्रोपिल घेऊन धावतात, ते थर्मल पेस्ट आणि सोल्डरिंगच्या फ्लक्सला उत्तम, पण व्हॅसलीन हा पेट्रोलियमचा पदार्थ आणि सिलिकॉन ग्रीसमधलं तेल त्याच्याहून हट्टी, दोघंही अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाहीत, ते नुसतं त्यांना सरकवतं. म्हणून तुम्हाला पसरल्यासारखं वाटलं, ते वाटलं नाही, खरंच पसरलं. दोघांनाही लागतं तेलाच्या जातीचं सॉल्व्हंट. नॅफ्था चालतो, म्हणजे वातीच्या लायटरमध्ये भरतात तो फ्लुइड, गॅस नव्हे. हेप्टेन किंवा हेक्सेनवाला इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर स्प्रे चालतो, त्याच्यावर प्लॅस्टिकला सुरक्षित असं लिहिलेलं बघून घ्यायचा. व्हाइट स्पिरिट, ऑइल पेंट पातळ करायचं ते, ते पण विरघळवतं पण उडून जायला वेळ लावतं आणि मागे किंचित तेलकटपणा ठेवतं, त्यामुळे माझी पहिली पसंती नॅफ्थाला, तो झटकन उडतो.

आणि काय वापरायचं नाही ते पण लिहितो कारण हे सल्ले सर्रास मिळतात. ॲसिटोन आणि एनसी थिनर नको, सॉकेटचं प्लॅस्टिक कदाचित टिकेल पण वरची कव्हरं, रंग, छपाई, लेबलं विरघळतील आणि त्याचा चिकट राडा नवीन. गाडीचं पेट्रोल नको, त्यात बाकीचं बरंच काही मिसळलेलं असतं, वास आणि विष दोन्ही. ब्रेक क्लीनर नको, डब्यागणिक आतला माल वेगळा असतो, एखाद्यात क्लोरीनवालं सॉल्व्हंट निघतं. डब्ल्यूडी-४० ने व्हॅसलीन निघतं हे खरं आहे, पण ते स्वतःचं तेल मागे सोडतं म्हणजे एक ग्रीस काढून दुसरं लावल्यासारखं, मग ते धुवायचं आलंच.

नॅफ्था भुर्रकन पेट घेतो आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते. खिडक्या उघड्या, पंखा बाहेरच्या बाजूला, गॅस बंद, सिगारेट नाही, नायट्राइलचे हातमोजे. आणि नॅफ्थाचा वास पूर्ण जाईपर्यंत हेअर ड्रायर किंवा ओव्हन जवळ आणायचा नाही, हे मी दोनदा लिहिलं असतं पण एकदाच नीट वाचा.

तयारी. बोर्ड पूर्ण सोडवा, सगळ्या बाजूंनी मोबाइलवर फोटो काढा, सॉकेटचा तर अगदी जवळून काढा, कारण पिना आत्ता कशा आहेत ह्याचा पुरावा नंतर कामाला येतो. गोल सेल काढा, हे विसरलात तर धुताना ओल्या बोर्डवर ३ व्होल्ट फिरत राहतील आणि तांबं झपाट्याने गंजायला लागेल. सगळे हीटसिंक, प्लॅस्टिकची कव्हरं, मागच्या पोर्टांच्या पट्टीवरची टोपी, वायफायचं कार्ड, एम डॉट टू ड्राइव्ह, सगळं उतरवा. थर्मल पॅड फेकून द्या, सॉल्व्हंट पिऊन ते फुगतात, नवीन घ्यायचे तर जुन्यांची जाडी आधी मोजून ठेवा, अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तरी हीटसिंक टेकत नाही. सीरियल नंबरच्या स्टिकरवर चिकटपट्टी लावा, ते गेलं की वॉरंटीचं आणि पुढे विकायचं दोन्ही अवघड.

सॉकेट. इथे वेळ घालवा, बाकी सगळीकडे घाई चालेल. खालचे शब्द एलजीए सॉकेटसाठी आहेत, म्हणजे इंटेलचे आणि एएमडीचा एएम५, ज्यात पिना बोर्डवर असतात. एएम४ मध्ये उलटं आहे, बोर्डवर १३३१ भोकं आणि पिना प्रोसेसरला, तिथे वाकायला काही नसल्याने भीती फार कमी, सॉल्व्हंट सोडायचं, दांडी वर-खाली करायची, परत सोडायचं, ग्रीस आपोआप वर येतं. प्रोसेसरच्या पिना मऊ टूथब्रशने ओळीच्या दिशेने.

एलजीएला मात्र एकच नियम, पिनांना काहीही टेकवायचं नाही. घासून काढायचं नाही, वाहवून काढायचं. व्हॅसलीन असेल तर आधी उष्णता वापरा. सॉकेटची लोखंडी चौकट उघडी ठेवून बोर्ड पालथा धरा किंवा दोन पुस्तकांवर असा ठेवा की सॉकेट खाली तोंड करून हवेत राहील, त्याच्या दोन-तीन इंच खाली टिश्यू पसरा, आणि मागच्या बाजूने हेअर ड्रायर मध्यम आचेवर फिरवत राहा. पाच-दहा मिनिटांत आतलं ग्रीस पारदर्शक होतं, पिनांच्या टोकांना थेंब धरतात, आणि मग एकेक टपकायला लागतात. निम्म्याहून जास्त माल असाच, कशालाही न शिवता खाली येतो. सिलिकॉनवाल्यांना ही सोय नाही, त्यांनी सरळ पुढच्या पायरीवर जायचं.

पुढची पायरी म्हणजे बोथट सुईची सिरिंज, प्रिंटरची शाई भरायला मिळते तसली. बोर्ड तिरका धरा, साधारण ४५ अंशांत, सॉकेटची एक कड वर, सिरिंजचं टोक पिनांपासून बोटभर लांब, आणि वरच्या कडेने नॅफ्था हळू सोडत जा म्हणजे तो पिनांमधून वाहत खालच्या कडेने बाहेर येईल. खाली पांढरी ताटली ठेवा. पहिल्यांदा दुधासारखं गढूळ येतं, मग गढूळपणा कमी होतो, आणि ताटलीत स्वच्छ पडायला लागलं की ती बाजू झाली, आता बोर्ड फिरवून दुसऱ्या कडेने. मध्ये दोन मिनिटं सॉकेट भरून तसंच ठेवलं तर फार फरक पडतो, सॉल्व्हंटला काम करायला वेळ हवा असतो आणि आपल्याला तो द्यायचा नसतो. एकदा वापरलेला नॅफ्था परत सॉकेटात सोडू नका, त्यात विरघळलेलं ग्रीस पातळ थर होऊन सगळ्या पिनांवर बसेल. दिसायला स्वच्छ, हाताला तेलकट, असे जे बोर्ड येतात ते ह्याच काटकसरीमुळे.

चौकटीच्या खाली ग्रीस ठासलेलं असेल तर तिचे टॉर्क्स स्क्रू सोडून ती काढता येते, पण काढताना आणि लावताना ती हातातून निसटून पिनांवर पडली तर खेळ खल्लास, म्हणून हात स्थिर असेल तरच.

वाळल्यावर बघायचं कसं ते सांगतो. खोलीतले दिवे बंद करा, मोबाइलचा टॉर्च बोर्डाला जवळजवळ समांतर धरा आणि वरून दुसऱ्या मोबाइलने झूम करून बघा किंवा दहा पटीचं भिंग घ्या. नीट असलेल्या पिनांची टोकं सरळ रेषेत चमकतात, तिरक्या रेषा पण जुळतात. एखादी वाकलेली असेल तर त्या रेषेत एक ठिपका सरकलेला नाहीतर गायब दिसतो. टॉर्चची बाजू बदलून चारही दिशांनी बघा, एका बाजूने लपलेली दुसऱ्या बाजूने सापडते. दोन पिनांच्या मध्ये पांढरट पूड अडकलेली दिसली तर घाबरू नका, सिलिकॉन ग्रीस घट्ट करायला त्यात सिलिकाची बारीक पूड घालतात, तेल विरघळून गेलं की ती मागे राहते, ती कुठल्याच सॉल्व्हंटमध्ये विरघळत नाही, तिला वाहवूनच काढावं लागतं, आणि तिथेच साबणाचं पाणी कामाला येतं.

रॅमच्या स्लॉटला एक छान युक्ती आहे. मेलेली रॅमची काडी पैदा करा, त्याच पिढीची, म्हणजे डीडीआर४ ला डीडीआर४, डीडीआर५ ला डीडीआर५, दोघींना २८८ पट्ट्या असल्या तरी खाच वेगळ्या जागी असते. स्लॉटात सिरिंजने नॅफ्था भरा, मिनिटभर थांबा, काडी सरळ दाबून आत घाला, बाहेर काढा, तिच्या पट्ट्या न-धागेवाल्या कापडाने पुसा, परत घाला. प्रत्येक वेळी ती आतल्या स्प्रिंगांवरचं ग्रीस खरवडून बाहेर आणते, आणि ज्या आकाराची वस्तू आत जायला स्लॉट बनलाय तीच आत जात असल्याने काही वाकायचं कारण नाही. कापडावर काही यायचं बंद झालं की थांबा. चालू रॅम ह्या कामाला वापरू नका. ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटला पण हेच, जुनंपुराणं कार्ड घेऊन. एम डॉट टूचा कनेक्टर फार नाजूक असतो, तिथे फक्त सॉल्व्हंटचा फवारा, घालकाढ नको. दात साफ करायचे बारीक ब्रश काही जण स्लॉटात घालतात, त्याच्या मध्ये तार असते, मला ते पटत नाही.

बाकीच्या बोर्डावर, म्हणजे कपॅसिटरांच्या मधे, चिपच्या कडेला, मागच्या बाजूला, तिथे बिनधास्त मऊ टूथब्रश आणि नॅफ्था. आधी प्लॅस्टिकच्या कार्डाने जाड थर खरवडून घ्या, म्हणजे सॉल्व्हंट वाचतं.

आता तुमचा पाण्याचा प्रश्न. नॅफ्था उडून गेला, वास गेला, की कोमट ते गरम पाणी, पन्नास अंशांच्या आसपास, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे थोडे थेंब, आणि बोर्ड त्यात बुडवून मऊ ब्रशने धुवायचा, सॉकेट सोडून, सॉकेटमधून नुसतं पाणी हलवायचं. व्हॅसलीन ह्या तापमानाला आधीच मऊ पडलेलं असतं, साबण त्याचे थेंब करून पाण्यात घेतो, त्यामुळे फक्त व्हॅसलीन असेल आणि थोडंच असेल तर नॅफ्थाशिवाय पण एवढ्याने निघून जातं. सिलिकॉनचं तेल साबणाला दाद देत नाही, तिथे पाणी हे फक्त ती पूड आणि धूळ धुवायला. लोक डिशवॉशरमध्ये पण बोर्ड घालतात आणि बोर्ड जगतात पण, पण त्याची पावडर फार अल्कलाइन असते, ॲल्युमिनियम काळं पाडते, आणि पाण्याचा मारा कुठे बसतोय ते दिसत नाही, तेव्हा घालायचाच तर पावडर न टाकता आणि सॉकेटवर त्याचं प्लॅस्टिकचं झाकण लावून. अल्ट्रासॉनिक क्लीनर असेल तर मोह आवरा. बोर्डवर घड्याळासाठी ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल असतो आणि बाजारातली बरीचशी मशीनं ४० किलोहर्ट्झच्या आसपास थरथरतात, हे दोन आकडे एकमेकांच्या फार जवळ आहेत. क्रिस्टल तडकला तर बोर्ड ग्रीसने नाही पण आंघोळीने जायचा.

साबणानंतर नळाच्या पाण्याने भरपूर धुवा आणि शेवटचे दोन हात डिस्टिल्ड वॉटरचे, कारण नळाच्या पाण्यातले क्षार वाळले की मागे राहतात आणि ओल लागली की वीज वाहतात. लगेच त्याच्यावर ९९ टक्केवालं आयसोप्रोपिल ओता, इथे त्याचा खरा उपयोग आहे, ते पाण्यात मिसळून पाणी बाहेर घेऊन येतं आणि स्वतः उडून जातं. ७० टक्केवालं घेऊ नका, त्यात उरलेलं पाणीच असतं. अल्कोहोल वाळल्यावर बोर्डवर कुठेकुठे पांढरे डाग उमटले तर तो बहुतेक कारखान्यातला फ्लक्स अर्धवट विरघळलेला असतो, ताजं अल्कोहोल आणि ब्रश मारला की जातो.

वाळवण्यात कंजुषी नको. वरून कोरडा दिसणारा बोर्ड चिपसेटच्या आणि सॉकेटच्या खाली ओलाच असतो, तिथे चिप आणि बोर्ड ह्यांच्यामधल्या फटीत पाणी स्वतःहून ओढलं जातं आणि बाहेर यायला तयार नसतं. पंख्यासमोर उभा ठेवून दोन दिवस, मधूनमधून बाजू बदलत. घाई असेल तर ५० ते ६० अंशांच्या गरम हवेत चार-पाच तास, त्यापुढे जाऊ नका, कपॅसिटरांवर १०५ लिहिलेलं असलं तरी घरचा ओव्हन ६० म्हणून ९० ला जातो, आणि सॉल्व्हंटचा बोर्ड खाण्याच्या ओव्हनमध्ये घालणं मला तरी बरं वाटत नाही. कॉम्प्रेस्ड हवा स्लॉटांवर मारा, सॉकेटवर लांबून.

वाळला की गंज शोधा. हिरवं किंवा निळसर तांब्यावर, पांढरी पूड सोल्डरच्या ठिपक्यांवर, रॅमच्या स्लॉटांचे पाय मागच्या बाजूला बाहेर येतात तिथे खास बघा, आणि सॉकेटच्या बरोब्बर मागे जे बारके कपॅसिटर असतात त्यांच्या मध्ये, गार पडायची जागा तीच असल्याने ओल पण तिथेच बसते. वरवरचा असेल तर अल्कोहोल आणि ब्रशने जातो. पिनाच काळ्या पडल्या असतील तर त्या खरवडायला जाऊ नका, सोन्याचा मुलामा उडाला की राहिलेलं पण जाईल.

मग मल्टीमीटर. पॉवर सप्लाय न जोडता २४ पिनी कनेक्टरवर १२ व्होल्ट आणि ५ व्होल्ट स्टँडबाय, आणि ८ पिनीवर १२ व्होल्ट, हे ग्राउंडशी शॉर्ट आहेत का बघा, बीप वाजला तर चालू करू नका, अजून वाळवा आणि परत मोजा. प्रोसेसर बसवल्यावर त्याच्या कोअरच्या कॉइलवर ओहम फारच कमी दिसतात, तो शॉर्ट नाही, तसंच असतं. प्रोसेसरच्या खालच्या बाजूला पण ग्रीस असणार, नॅफ्था आणि मग अल्कोहोल लावून कापडाने पुसा, मधल्या बारक्या कपॅसिटरांच्या खाचेत साचलेलं विसरू नका.

आणि चालू करायच्या आधी असल्या बोर्डांवरचे जंपर आणि स्विच बघा. ओव्हरक्लॉकिंगसाठीच्या बोर्डांवर एलएन२ म्हणजे लिक्विड नायट्रोजन मोडचा जंपर, स्लो मोडचा स्विच, दोन बायोसमधला निवडायचा स्विच असतो, आधीच्या मालकाने ते तसेच सोडलेले असतात. स्लो मोड चालू राहिला की मशीन गोगलगाय होतं आणि लोक म्हणतात धुतल्यामुळे बिघडलं. सगळं नॉर्मलला आणा, बायोस क्लिअर करा, नवीन सेल घाला, एकच रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटात, ग्राफिक्स कार्ड शक्यतो नको, आणि चालू करा. मेमरी पहिल्यांदा ट्रेन व्हायला, म्हणजे रॅमशी ताळमेळ जुळायला, वेळ लागतो, डीडीआर५ वर तर काही मिनिटं काळा स्क्रीन राहू शकतो, पटापटा बंद-चालू करू नका.

आता तुमचे दोन स्लॉट. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असतो, त्यामुळे रॅम न दिसण्याचं मूळ स्लॉटातच असेल असं नाही. न दिसणारे दोन स्लॉट पहिले दोन किंवा शेवटचे दोन असतील, म्हणजे एकाच चॅनलचे, प्रोसेसरकडून रॅमकडे जाणाऱ्या एकाच वाटेवरचे, तर गडबड बहुतेक सॉकेटमध्ये किंवा प्रोसेसरच्या टेकण्यात आहे. एक स्लॉट ह्या चॅनलचा आणि एक त्या, असं असेल तर बहुतेक स्लॉटातच ग्रीस आहे, मेल्या काडीचा प्रयोग परत करा. एकाच चॅनलचे असतील तर आधी कूलरचे स्क्रू सैल करून चारही बाजूंनी थोडेथोडे करत सारखे आवळा, तिरका दाब पडला तरी एक चॅनल गायब होतो आणि ह्याला पैसे लागत नाहीत. तरी नाही आलं तर टॉर्च घेऊन पिना परत बघा, सुरुवातीच्या फोटोशी ताडून. एखादी वाकलेली सापडली तर मेकॅनिकल पेन्सिलची शिसं काढलेली नळी किंवा अगदी बारीक सुई घेऊन, भिंगाखाली, शेजारणीकडे बघत बघत थोडी थोडी सरळ करायची, एका झटक्यात नाही, दोनदा मागे-पुढे झाली की ती तुटते.

सगळी रॅम दिसायला लागली की मेमटेस्ट८६ हा रॅम तपासायचा प्रोग्राम रात्रभर चालवा, कारण दिसणं आणि नीट चालणं ह्यात फरक आहे. आणि पिन तुटलेलीच निघाली तर अख्खं सॉकेट बदलणारे लोक असतात, त्यांच्याकडे नेताना बोर्डला सिलिकॉन ग्रीस होतं की व्हॅसलीन ते आधीच सांगून टाका, सिलिकॉनचा अंश बोर्डवरच्या सोल्डर करायच्या पॅडवर राहिला तर सोल्डर धरत नाही आणि त्यांना परत सफाई करूनच नवीन सॉकेट बसवावं लागतं.